मोजदाद

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात, जाळ्यांच्या खोलीवरच्या माळ्यावर
मी बादलीत समुद्र कालवते.
आरओचं पाणी वीस लिटर, पिशवीतलं मीठ सातशे ग्रॅम,
हायड्रोमीटरचा काटा जागेवर येईस्तोवर ढवळायचं.
मामंजी दारात. खाली पन्नास पावलांवर खाडी.
"येवरा दर्या भायेर परलाय,
न तू मीठ इकत आनतेस गो?"
मी म्हटलं, बाहेरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे.
ते काही बोलले नाहीत.
माझ्याआधी कितीतरी वर्षं ते त्यांना ठाऊक होतं.

जोडी क्रॉफर्ड मार्केटची. आणली तेव्हा दोन्ही
करंगळीच्या पेराएवढे, ना नर ना मादी.
त्यांतला जो दांडगा निघाला, तो मादी झाला.
"जाला म्हन्जे?" मामंजींनी विडी विझवली.
झाला म्हणजे झाली.

उपड्या कुंडीच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवलेली,
आधी गाजराच्या किसासारखी, मग तपकिरी,
सातव्या दिवशी प्रत्येकीत दोन चंदेरी डोळे.
नर परांनी वारा घालतो,
मेलेलं अंडं तोंडाने वेचून काढतो.
मादी लांबून एक फेरी मारून जाते, मुकादमासारखी.
मामंजी खुर्ची ओढून बसायला लागले.
"माजी चारी पोरा जाली तवा मी दर्यान होतू,"
एकदा म्हणाले. काचेला. मला नव्हे.

खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या:
त्या पाण्यावर रोटिफर वाढतात, रोटिफरवर पिल्लं.
एक बाटली नणंदेने शेवाळ समजून मोरीत ओतली.
मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.
तिला अजून कारण माहीत नाही.

आठवी रात्र.
कुंडी वेगळ्या टाकीत, टाकीला काळं प्लास्टिक,
खिडकीवर गोधडी,
रिफायनरीच्या जाळाचा उजेड आत यायला नको.
दिवे गेल्यावर दीड तास, मी म्हटलं.
अंधारात आम्ही दोघं, मध्ये पंपाची गुरगुर.
"यांना घड्याल कोनी शिकवला?"
थोड्या वेळाने स्वतःच,
"न भरतीला तरी कोनी शिकवला."

मग मी कोपऱ्यात टॉर्च धरला.
उजेडाकडे धूळ सरकत आली.
धुळीला डोळे होते.

ह्या माणसाने आयुष्यात मासे मोजले नाहीत.
बोंबील पाटीने, जवळा टोपलीने,
बर्फातलं क्रेटने, उरलेलं नजरेने.
एका माशाला एक आकडा कधी दिला नाही.
आता चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला,
"एकशे च्यार... एकशे पाच... हल रे, बाजूला हो."

पाचव्या रात्री लाइट गेली, पंप थांबला.
बॅटरीवरचा पंप मी शेजारच्या पोराला दिला होता.
मामंजी स्टीलच्या वाटीने पाणी उचलायचे,
बोटभर उंचीवरून टाकीच्या कडेने परत सोडायचे,
पिल्लांना धक्का न लागता.
दोन तास दहा मिनिटं.
मी घेते म्हटलं तर हात हलवून नको म्हणाले.
सकाळी तळाशी पांढरं काहीतरी साचलं होतं.
मी नळीने ओढून घेतलं.
तेवढ्यापुरते ते खाली जाऊन धक्क्यावर उभे राहिले.

अकराव्या दिवशी एकाच्या मानेवर पांढरा पट्टा,
नखाने ओढल्यासारखा. मग दुसऱ्याच्या.
आता ते तरंगत नाहीत,
पोहतात, शेपटी हलवत, तळाजवळ,
कशाचे तरी मालक असल्यासारखे.

मी मोजले: एकोणीस.
मामंजी म्हणतात, वीस.
स्पंजच्या मागे एक आहे, त्यांनी पाहिलाय,
बाकीच्यांपेक्षा बारीक, लाजतो.
मी टॉर्च घेऊन तीनदा पाहिलं.
भरतीच्या वेळा लिहायच्या कॅलेंडरवर
त्यांनी आजच्या चौकोनात २० घातलेत, पेनाने.

माझ्या वहीत एकोणीस.
पेन्सिलने.