खोली आसा काय?

आधी मी जायचो. सामंत, असं सांगायचो.
घरमालक पडवीत खुर्ची ओढायचा,
कोकमाचं सरबत यायचं, पाठोपाठ किल्ली,
नळाला पाणी किती वाजता, तेही कळायचं.

तासाभराने सुगंधा पेंडुरकर, सरकारी दवाखान्यातल्या नर्स.
तीच खोली. पगार माझ्याहून जास्त.
आडनाव गावाचं, त्यातून काहीच उलगडत नाही,
म्हणून पुढचा प्रश्न : वाडी खंयची?
वाडी कळली की खोली गेलेली असायची.
'आत्ताच गेली गो. वायच आधी येवक व्हया होता.'

मालवणात 'मांसाहारी नकोत' म्हणायची सोय नाही,
बोलणाऱ्याच्या चुलीवरच बांगडा तळत असतो.
इथे खोली नुसती जाते.

ॲडव्होकेट विशाखा कासारे एवढंच म्हणायच्या :
'राग कोर्टात चालत नाही, सामंत. वेळ चालते.
मिनिटासकट लिहा.'
लिहिली. माझ्याकडे तशा सात वह्या आहेत.
अकरा वाजून वीस : आहे. बारा पंचवीस : गेली.
दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, मी पुन्हा : आहे.

पहिली नऊ प्रकरणं हरलो.
घर त्याचं, मर्जी त्याची, असं निकालात.
ओरोसहून परतताना एसटीत त्या म्हणाल्या,
कलम पंधरा उंबऱ्याशी चपला काढून उभं राहतं,
बोलावल्याशिवाय आत येत नाही. भिडस्त आहे.
हसल्या, आणि मांडीवर दहावी फाईल सोडली.

दहावी एका सोसायटीची. जमीन सरकारी,
तिथे त्याला भीड नव्हती.
दीड पानाचा हुकूम. साडेसहा वर्षं.
तोवर सुगंधाबाईंची बदली देवगडला झालेली.
त्या दारात पुढे शमीम मुकादम राहिल्या, शाळेतल्या,
त्यांच्या तुळशीएवढ्या कुंडीत पुदिना होता.

एक गोष्ट वहीत नाही.
वायरीला आमची माडी होती. मी नववीत.
नवी सनद घेऊन एक बाई खोली विचारायला आली.
चहा मीच नेला. बाबांनी वाडी विचारली.
चहा अर्धा राहिला.
तो कप आईने परसात माडाच्या बुंध्याशी ठेवला,
पावसाळाभर तिथेच भरत होता, सांडत होता.

नोकरी देताना त्यांनी एकच विचारलं,
'वायरीचे सामंत ना?' आणि मग,
'चहा घेणार?'
वीस वर्षं झाली. मी काही बोललेलो नाही.
त्यांनीही नाही.

आता बाबा नाहीत. माडी रिकामी.
गेल्या सोमवारी एक मुलगा आला, बंदरखात्यात नवा लागलेला,
हातात हेल्मेट, घामाघूम.
'खोली आसा काय?'
मी आसा म्हणालो.
आतून बायकोचा आवाज :
'कोण तो? खंयचो?'

मी घड्याळ बघितलं.
चार वाजून दहा मिनिटं.