बारावी फाईल

बेलापूर कोर्टाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या छत्रीला खेटून
माझं टेबल. एक पाय आखूड, खाली पुठ्ठा.

मुणगेकर एजंटाकडे अकरा फायलींचे पैसे अडकलेत.
"मॅडम, पुढच्या वेळी एकदम."
पुढची वेळ मार्चपासून येतेय.
म्हणून बारावी ड्रॉवरमध्ये टाकली,
चावी डब्याच्या पिशवीत.

कर्जाचा करार, चौदा पानं,
प्रत्येक पानाखाली सही: वत्सला ठोंबरे.
शेवटच्या दोन पानांवर अक्षर दमलेलं.
खाली माझा गोल शिक्का:
माझ्या समक्ष.

आज ती स्वतः आली, उलव्याहून.
अकराचा हिशेब तिला ठाऊक नाही,
मीही सांगितला नाही.
"बिल्डर सोमवारपर्यंत थांबतो म्हणालाय,"
एवढंच बोलली
आणि रुमालाची गाठ सोडून
शंभराच्या नोटा मोजू लागली.
एजंटाला एकदा दिलेलेच पैसे
पुन्हा,
माझ्या समक्ष.

हात पुढे झाला. माझाच होता.
फाईल दिली. तिने पानं मोजली नाहीत,
छातीशी धरून रस्ता ओलांडला.

पावतीपुस्तक अजून उघडं आहे.
नाव कुणाचं लिहू?
झेरॉक्सवाला विचारतोय,
मॅडम, चहा सांगू का?