तिकिटामागच्या नोंदी

पक्षी बघायचे असतील तर आधी पाणी विचारा.
घड्याळ नको. जेटीची चौथी पायरी उघडी पडली
की तासाभरात खाडीचं पोट दिसायला लागतं,
आणि जैतूकाकी टोपली घेऊन तिसऱ्यांसाठी चिखलात उतरते.
तिच्या मागं पंधरा हातांवर तुतवार,
ढुंगण सारखं खालीवर, काहीतरी विसरून आल्यासारखा.
काकीची नावं वेगळी. वाकड्या लांब चोचीचा तो ‘विळो’,
पुस्तकात कोरल. मी दोन्ही लिहितो
तिकीटबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर.
पुढं उतारू बावीस, मोटरसायकली तीन.
मागं विळे अकरा.
तपासनीस येतो तेव्हा फक्त पुढची बाजू बघतो.

कार्तिकात कुरव येतात. त्यांना शोधावं लागत नाही.
लिलावाच्या वाळूवर बांगड्याची बोली लागायच्या आधीच
ते ओरडत असतात, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखे.
थंडीभर डोकी पांढरी. फाल्गुनात एकेकाचं डोकं
तपकिरी व्हायला लागतं, कलप लावल्यागत,
मग समजायचं, यांचं निघायचं ठरलंय.

पलीकडच्या तीरावर, खोतांच्या पडीक बागेत,
सुरूच्या शेंड्याला काकणाचं घरटं आहे,
मोडक्या होडीएवढं. लांबूनच बघा.
झाडाखाली समुद्रसापांचे मणके सापडतात,
आणि एकदा निळ्या जाळ्याचा तुकडा, गाठीसकट.
गाठ आमच्याच बंदरातली, इनास म्हणाला.
इनास तर हाकतो.

चैत्रात त्याची बायको ओरोसच्या दवाखान्यात होती.
शेवटची फेरी झाली की डबा घेऊन तो एसटी पकडायचा.
एका दुपारी ओहोटीनं तर रुतली,
म्हणून त्याला घेऊन राईत गेलो.
चपला बाहेर, बोलणं बंद.
बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून बसलेली,
फटीतून फक्त चोचीचं टोक.
नर आला. घशातून एकेक फळ काढून देत राहिला.
मी बोटांवर मोजली, तेवीस.
गेला. परत आला. पुन्हा.
इनास बराच वेळ मान वर करून उभा,
मग हळूच म्हणाला, “ह्येका आयतवारची पण सुटी नाय?”
त्या दिवसाच्या पानावर तेवढंच आहे.

श्रावणात तर बंद असते, मीही बिनपगारी घरी.
तेव्हा सड्यावर चला.
सीतेच्या आसवांनी कातळ जांभळा झालेला असतो,
त्यावरून चंडोल सरळ वर चढतो
आणि आवाज खाली सोडत राहतो, स्वतः दिसत नाही.
पुढं सोडून दिलेली चिरेखाण, चौकोनी, हिरव्या पाण्यानं भरलेली.
तिथं टिबुकली बुडी मारते.
मी काठावर श्वास धरून बसतो तिच्याबरोबर.
अजून एकदाही जिंकलेलो नाही.

यंदा पूल पुरा होईल म्हणतात.
सात खांब उभे राहिलेत. पाचव्यावर काकण बसतो
सकाळी नऊच्या सुमारास,
ठेकेदाराची माणसं त्याला साहेब म्हणतात.
पुलावरून या खुशाल, पण मधे थांबू देतील का,
ते मला माहीत नाही.
तिथून जैतूकाकी दिसेल, टिकलीएवढी.
विळे दिसणार नाहीत.

चालू बुकात नऊ पानं उरलीत.
परवाच्या पानावर एक नोंद अर्धी आहे:
लहान, मातकट, डोळ्यावर फिकी रेघ,
चिपीच्या फांदीवर, एकटा.
नाव लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात
एका बाईनं पाचाचं नाणं पुढं केलं, “एक दी.”
मी तिकीट फाडून दिलं.
वर बघितलं तर फांदी नुसती हलत होती.