ऱ्हस्व-दीर्घ

कामारिन्यासच्या शाळेत रात्रीचा वर्ग.
सात बायका, आणि मिसरूड न फुटलेला एक पोरगा.
एवारिस्तो मास्तर फळ्यावर लिहितात :
ओक्किदेन्स.
म्हणजे पडणारा, ढळणारा.
सूर्य जिथे पडतो ती दिशा.
म्हणजे आपलं गाव, म्हणतात,
आणि खिडकीकडे बघतात.

खिडकीत अटलांटिक. नुसता काळा.

मग बोलण्याच्या ओघात :
यातला इकार ऱ्हस्व, म्हणून मावळणारा.
तोच दीर्घ केला
तर मारणारा. ठार.
"तेव्हा शुद्धलेखन सांभाळा हो,"
आणि एकटेच हसतात.

एर्मितासच्या मांडीवर लेसची उशी.
वर्गातही तिच्या फिरक्यांची टकटक चालू असते,
सगळ्यांना सवय झालेली.
ती थांबते.

"मास्तर, माझा शुर्शो
तारलीच्या होडीवर होता. फेब्रुवारीत.
कंपनीच्या कागदावर लिहिलंय : पडला.
सुकाणू तीन महिने तुटकं होतं,
मालकाला दोनदा सांगितलेलं.
तिथे कुठला इकार?"

मास्तर खडू बोटांत फिरवतात.
लॅटिनमध्ये तशी खूण कुणी देत नाही,
वाचणाऱ्यानं ओळखायचं असतं,
असं काहीतरी पुटपुटतात.

ती उठते. त्यांच्या हातातला खडू घेते.
त्या एका अक्षराच्या डोक्यावर
आडवी रेघ ओढते. जरा तिरकी जाते.

परत येऊन उशी मांडीवर घेते,
आणि कितव्या टाचणीवर होतो
ते काही केल्या आठवत नाही.