विसर्ग

आडनाव उघडे. हसून घ्या, साहेब.
गंगापूर धरणाच्या दारांवर वीस वर्षं
सगळेच हसले.

त्या बुधवारी पाणी वरून आलं,
आदेश फोनवरून,
दार विजेवर उचललं गेलं.
मी फक्त बटणाशी होतो.

नियम असा: आधी भोंगा, दहा मिनिटं.
मी सात वाजवला.
का, तेही सांगता येईल.
कान ठणकत होता. कान रात्रपाळीने गेला,
रात्रपाळी बदलीने, बदली एका भांडणाने,
भांडण बापाच्या डोक्याने, जे माझ्या धडावर आहे.
असं मागे मागे गेलं की
ब्रह्मगिरीच लागतो,
आणि तिथलं पाणीही म्हणतं,
मला उतार होता.

खाली गोदाघाटावर बाजार आवरत होता.
वाळीबा बेंडकुळे ताडपत्रीसाठी परत वळला.
भोंगा थांबला म्हणून वळला,
की वळणारच होता?

त्याची बायको म्हणाली, तेवढंच लिहून आणलं होतं त्यांनी.
आणि चहा पुढे केला.
माझ्या घशाखाली उतरला नाही.
सटवाईने त्याचं कपाळ लिहिलं असेल,
भोंग्यावरचा अंगठा तिने नाही उचलला.

पूर लोक दुतोंड्या मारुतीवर मोजतात,
गुडघा, कंबर, छाती.
माझं माप तीन मिनिटं.
तेवढी माझ्या नावावर लिहा,
बाकीच्या पाण्याचं तुम्ही बघा.

आणि हे इथे, कारकुनाने ‘दुख’ टाइप केलंय.
विसर्ग राहिला.
द्या पेन. तो मी सोडतो.