चार वाजताची नोंद

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिका कोपऱ्याकोपऱ्यावर दोरखंड बांधते,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
आमच्या वॉर्डात दोर चालत नाही.
येणाऱ्याच्या बुटांच्या नाड्यासुद्धा
दारातच काढून ठेवतो,
पाकिटावर नाव लिहून.

रात्रपाळीला मी आणि नवी पोरगी, यास्ना.
चमचे मोजले, बावीस. पुन्हा मोजले, बावीस.
दर पंधरा मिनिटांनी खोली सहा:
दाराच्या काचेतून टॉर्च,
पांघरुणाची वरखाली, तक्त्यावर एक टिंब.
दुसऱ्याचा श्वास मोजता मोजता
आपला कधी अडकतो
त्याला तक्त्यात रकाना नाही.

खोली सहामध्ये एलेउतेरिओ ओयार्सून.
चाळीस हंगाम मेंढ्या कातरल्या त्याने,
दिवसाला दीडशे.
आता नखं कापायलाही आम्हीच बसतो.
भिंतीपलीकडे एक राहिलीय, म्हणतो,
सगळा कळप हलका होऊन निघून गेला,
ती एकटीच अंगावर ओझं घेऊन ओरडतेय.

"ऐकू येतंय ना?" त्याने यास्नाला विचारलं.
पोर मनाने मऊ. "हो," म्हणाली.
त्याने तोंड फिरवलं ते रात्रीच्या जेवणापर्यंत.
मला विचारलं तेव्हा मी म्हटलं,
नाही, एलेउतेरिओ, मला वारा ऐकू येतो फक्त.
पण तुम्हाला येतंय, आणि ते झोपू देत नाही,
हे दिसतंय मला.
कुठल्या कानात जास्त?
तो विचारात पडला.
इतक्या वर्षांत कान कुणी विचारला नव्हता.
"डाव्या," म्हणाला,
आणि गोळी गिळून, न सांगता,
जीभ उचलून दाखवली.

नुसतं हो ला हो करणं म्हणजे
माणसाला एकटं सोडून देणं,
असं मी यास्नाला चहा ढवळत सांगितलं.
जरा तोऱ्यातच.

मग चार वाजले.
छताचा पत्रा थडथडत होता.
टॉर्च मारला तर पलंग रिकामा,
माझ्या पोटात खड्डा.
तो जमिनीवर होता, गुडघ्यांत काहीतरी दाबून.
काही नव्हतंच गुडघ्यांत.
डावा हात कातडी ताणत होता,
उजवा लांब, संथ ओढत होता,
कुठे घाई नाही, कुठे रक्त काढणं नाही.
पोट, मांडी, मान, मग सगळी पाठ.
मी दारात उकिडवी बसले. अडवलं नाही.
शेवटी त्याने ते उचललं, झटकलं,
कडा आत दुमडल्या, गुंडाळलं,
आणि माझ्याकडे केलं.

माझे हात पुढे झाले.
मला विचारून नाही झाले.

"जड आहे," तो म्हणाला. "सांभाळ."
आणि पलंगावर चढून झोपला,
पहिल्यांदाच, भिंतीकडे पाठ करून.

यास्ना मागे उभी होती. काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

चार: जागा, जमिनीवर.
साडेचार: झोप.
मधली ओळ तीनदा लिहिली, तीनदा खोडली.
खोटं बोलले का मी?
तोंडाने तर नाही.

सकाळी चार्ज दिला. चमचे बावीस.
कोपऱ्यावर वाऱ्याने गाठलंच.
एका हाताने दोर धरला.
दुसरा काही पुढे येईना,
कोपरात वाकलेला, छातीशी,
तसाच होता अजून.