तोंड येऊ नये म्हणून

ट्रोम्सोच्या इस्पितळात दुपारी दोनलाच दिवे.
सिस्टर सॉल्वाइग थर्मासचं झाकण उघडते:
"औषध शिरेत जायच्या पाच मिनिटं आधीपासून.
मग अर्धा तास. विरघळला की दुसरा खडा."

टोर्गेर पेल्याकडे बघत राहतो.
बेचाळीस हिवाळे बोटीच्या दोरखंडांवरून
लाकडी मोगरीनं यानं बर्फच तर फोडला,
रात्री, बोटांची शुद्ध नसताना,
कारण डोलकाठी जड झाली की बोट कलंडते.
घरी आला की सरबतातसुद्धा नको म्हणायचा.

"नसा आकसतात," ती सांगते,
"मग तोंडात औषध कमी पोचतं."
तो मान हलवतो.
आकसणं त्याला समजवावं लागत नाही.

आता गाल फुगलेला, दातांत कळ,
काही विचारलं तर नुसतं हुं.
तसा बोलका कधी होता म्हणा.
हनुवटीवरून पाणी गळतं,
मी मांडीवर टॉवेल पसरते.

घरी लहान पोराचा असतो तसला मऊ ब्रश.
कोमट पाण्यात मीठ, सोडा,
गुळण्या, गुळण्या, झोपताना परत गुळण्या.
आयुष्यभर मीठ अंगावर घेतलेला माणूस
चमचा उजेडात धरून मीठ मोजतो.

दहाव्या रात्री स्वयंपाकघरात
जबडा वासून उभा: "बघ."
मी बोटीवरचा टॉर्च धरते.
जीभ, गालाची आतली बाजू, टाळू.
लाल आहे. फुटलेलं नाही.

"मग कॉड शिजव," म्हणतो,
"निवू दे मात्र. थांबतो मी."